पेन्सिलबाईंचा चेहरा

पेन्सिलबाईंना मी अकरा वर्षं रोज पाहिलं, पण ओळखत होतो असं म्हणायला जीभ धजत नाही. लिहायची मला सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही, एवढंच खरं.

मी औषधाच्या दुकानात विक्रेता होतो. समोर फोटो स्टुडिओ. तिथल्या खिडकीशी बाई निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवत, मग छापलेल्या फोटोत मुरमं, डाग दिसत नसत. अख्ख्या वस्तीचे चेहरे त्यांनी गुळगुळीत केले. स्वतःचा मात्र तिशी ओलांडली तरी मुरमांनी भरलेला. स्टुडिओवाला चेष्टेनं म्हणायचा, "बाई, तुमच्या गालांना डझनभर पेन्सिली लागतील!" बाई हसायच्या आणि मान आणखी खाली घालायच्या.

एकदा दुकानात आल्या. साबणानं घासून गाल सोलवटले होते.

"काका, घासून घासून हात दुखले. पेन्सिल फिरवल्यासारखं झटकन जाईल असं काहीतरी द्या ना."

मी इसबाच्या मलमाची ट्यूब दिली. तिनं मुरमं चार दिवस दबतात आणि पुढे कातडीच खराब होते, हे मला ठाऊक होतं. पण आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, अशी दुकानाची रीत. पाचव्या दिवशी बाई मान वर करून आल्या. "काका, जादू आहे हो तुमच्या हाताला!"

मग दर महिन्याला एक ट्यूब. दोन दिवस लावली नाही की मुरमं दुपटीनं उठत, म्हणून पुन्हा तीच. सात महिन्यांत कातडी पातळ, लालभडक झाली. उन्हातून येताना बाई रुमालानं गाल झाकून घेत. मी पाहत होतो, आणि देत होतो.

शेवटी त्या कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या.

"ती ट्यूब बंद, काका. डॉक्टर म्हणाले, मुरमं मळानं येतच नाहीत. तेलानं छिद्रं बुजतात, आतून सुजतात. घासायचं नाही, फोडायचं नाही. हे जेल झोपताना लावायचं, वाटाण्याएवढंच. गुण यायला तीन महिने, आणि आधी थोडी वाढतीलसुद्धा. आहे का धीर, म्हणाले."

"मग?"

"म्हटलं, आम्ही एकेका चेहऱ्यासाठी तासन् तास बसतो, धीराचं काय सांगता! मग त्यांनी विचारलं, ट्यूब कुणी दिली? मी म्हटलं, आमच्या काकांनी. पण त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!"

बोलायची तीच वेळ होती. मी पाठ फिरवून कपाटात जेल शोधत राहिलो. ते समोरच होतं.

मुरमं हळूहळू ओसरली. गालांवरच्या बारीक लाल रेषा तेवढ्या राहिल्या. पुढे स्टुडिओ बंद पडला. वस्ती सोडून जायच्या आदल्या दिवशी बाई जेल न्यायला आल्या. सोबत स्वतःचा एक फोटो होता, पेन्सिल न लावता छापलेला. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हा पहिलाच. राहू द्या तुमच्याकडे." मी तो घेतला. मग जेल काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"पिशवी देऊ?" मी विचारलं.

"नको काका, हातातच नेते."

"बरं."