ताईच्या डोळ्यांतला आकडा

“शेवटी तिला काही कळत नव्हतं, त्यामुळे त्रास झाला नाही.” वत्सलाताईच्या भाच्याचं सोमाटण्याहून कार्ड आलं, त्यात एवढंच होतं. वाचलं आणि फाडून टाकलं. मयताचं पत्र घरात ठेवू नये म्हणतात. पण मी फाडलं ते त्यासाठी नाही, ते खोटं होतं म्हणून. ताईला कळत होतं.

लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती आमची सुपरवायझर. मी इंदुरीच्या आमच्या वस्तीतून नोकरीला लागलेली पहिली मुलगी, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रडकुंडीला आले. बंगलेवाली मंडळी हवा खायला आली की बोर्डावर एकदम दहा-दहा दिवे लागत. एकाचा नंबर डोक्यात धरावा तोवर दुसरा ओरडे, आणि पहिला निसटे. साहेब म्हणाले, हिचं लक्ष नसतं, हिला काढा. ताईनं मला खिडकीपाशी बसवलं, साहेबांना समोर उभं केलं आणि एकेक आकडा सांगू लागली. “बघा साहेब, दर आकड्याला हिच्या डोळ्याची बाहुली मोठी होतीये. उजेड तेवढाच आहे, मग का होते? ही धरून ठेवतीये म्हणून. आता आठवा सांगते... झाली बघा बारीक. सगळं सांडलं. लक्ष आहे हिचं, ओझं जास्त होतंय.” साहेब हसले. “डोळ्यांवरून पत्रिका मांडता काय, बाई?” पण माझी नोकरी वाचली. हे ताईला कुणी शिकवलं नव्हतं. पंधरा वर्षं मुलींच्या शेजारी उभं राहून तिनं टिपलं होतं. एखाद्या प्रोफेसरनं सांगितलं असतं तर त्याला हार घातले असते. तिची मात्र एक्स्चेंजभर चेष्टा झाली, आणि त्या हसण्यात मीही होते.

यंदा तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, एक बाजू गेली, डोळे तेवढे उघडे. डॉक्टर ‘आता काही समजत नाही’ म्हणून मोकळे झाले. मी दवाखान्यात भेटायला गेले तर भाचा तिच्याच खाटेवर बसून तिची पितळेची भांडी कुणी न्यायची ते बायकोशी बोलत होता. मी म्हटलं, हळू बोला, ऐकतेय ती. “काय ऐकतीय? मावशीला आता दिवस का रात कळत न्हाई. डाक्टरनीच सांगितलंय न्हवं?”

ताईचे डोळे घारे, बाहुली लांबूनही दिसायची. मी वाकून सावकाश आकडे सांगितले. चार... नऊ... दोन... बाहुली वाढत गेली. सात... एक... आणखी वाढली. मग नुसतंच शून्य, शून्य, शून्य म्हणत राहिले. त्यात धरून ठेवायचं काय? बाहुली ढिम्म. पुन्हा वेगवेगळे आकडे, पुन्हा मोठी. धावत जाऊन डॉक्टरांना आणलं, तर ते दारातूनच म्हणाले, “उजेडानं होतं तसं.” “उजेड बदललाय का, डॉक्टर?” “तुम्ही ऑपरेटर ना? मग तुमचं काम करा.” अहो, मिनिटभर वाकून बघायला काय पैसे पडत होते? पाणी हवं का, एवढंसुद्धा तिला कुणी विचारलं नाही. सगळं समजणाऱ्या बाईला त्यांनी ओंडक्यासारखं पाडून ठेवलं.

ड्यूटी संपली की मी रोज जाऊ लागले. आमच्या बोर्डावर ताईचा एक दंडक होता. जिनं शेजारणीला नंबर दिला, तिनंच लाइन लागल्यावर ‘सोड’ म्हणायचं. तोवर ऐकणारीनं तो डोक्यातून काढायचा नाही. चार दिवस मी आकडे सांगितले, न चुकता ‘सोड’ म्हटलं आणि तिची बाहुली निवांत लहान होताना पाहिली. पाचव्या दिवशी सहा आकडे सांगून झाले आणि भाच्यानं माझा दंड धरला. “बास झाले हे चाळे. बाहेर व्हा बाई.” मी त्याला बोलले, डॉक्टरांना बोलले, व्हरांड्यात उभी राहून साऱ्या दवाखान्याला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आता तिच्या जागी मी उभी असते. मुली दिवसभर एकमेकींना ‘सोड’ म्हणतात आणि मला भाच्यापेक्षा, डॉक्टरांपेक्षा माझाच संताप येतो. त्या दिवशी सगळ्या जगाशी भांडले... आणि तिला ‘सोड’ म्हणायचं राहिलं. ती ते सहा आकडे तसेच धरून गेली.