दुधनीची बातमी

भवानी पेठेतल्या आमच्या घरात वडील खाली राहतात, काका वर. पूर्वी दोघांत मिळून एक वर्तमानपत्र यायचं. मग फोन आले. वडिलांच्या फोनवर एका पक्षाला धरून बातम्या येऊ लागल्या, काकांच्या फोनवर दुसऱ्या पक्षाला धरून. दोघंही छातीठोक सांगायचे, "खरं काय ते माझ्याकडं आलंय."

निवडणुकीच्या धामधुमीत एका रविवारी दोघांनाही अक्कलकोटपुढच्या दुधनी गावची बातमी आली. बाजारात दंगल, दुकानं बंद. वडिलांच्या फोनवर ती दंगल काकांच्या पक्षवाल्यांनी केली होती, काकांच्या फोनवर वडिलांच्या. चहा पिता पिता आवाज चढले.

"तुझ्यासारख्यांनीच गाव पेटवलंय," वडील म्हणाले. काका कप तसाच ठेवून जिना चढू लागले.

दुधनीत माझी आत्या राहते, या दोघांची थोरली बहीण. ती कशी असेल, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. मी तिला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि दंगलीवरून दोघं भांडतायत ते सांगितलं.

"दंगल? कुटं?" आत्या म्हणाली. "मी बाजारातच हाय की, वांगी घेतेय."

"व्हिडिओ आलाय, अक्का!" काका जिन्यावरून ओरडले.

"काल दोन टेम्पोवाल्यांची जुंपली होती. लोकांनी सोडवलं. एवढ्यासाठी भांडताय व्हय? या हिकडं, डोळ्यानं बघा."

मी लगेच गाडी काढली. दोघांना बसवलं. अक्कलकोटपर्यंत दोघं आपापल्या फोनमध्येच बघत होते.

दुधनीचा बाजार भरलेला होता. आत्या दारातच म्हणाली, "बर्रि, बर्रि! या आत. आता दावा तुमची दंगल." दोघांनी फोन पुढं केले. तिनं ते शेजारी शेजारी धरले आणि खो खो हसत सुटली.

"आगं, दोगांकडं एकच व्हिडिओ हाय की! आन् हे आपलं गाव न्हायच."

खरंच, तीच गर्दी, तीच जळती टायरं. वर लिहिलेलं तेवढं वेगळं. वडील दोन्ही फोन निरखू लागले. मग काकांना म्हणाले, "आपल्या दोघांना एकाच दगडानं हाणलं की रे."

काका हसले. आत्यानं वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली.

कुणाचं मत मी बदललं नाही, बदलायचं नव्हतंच. परतताना दोघं आपापल्या पक्षावरून तावातावानं भांडत होते. पण फोन खिशात ठेवून, एकमेकांकडं बघून. मी निवांत गाडी चालवत होते.