पुष्पाबाईची टोळी

आमच्या वारूळवाडीच्या टोमॅटो शेडमध्ये सुपरवायझर घडवायचं काम पुष्पाबाई करायची. फुकट. डिंगोऱ्याची बाई. रोज गावातल्या चौदा बाया गोळा करून पिकअपमधून टोमॅटोच्या निवडीला यायची. कुणाचं पोर आजारी, कुणाची सासू रुसलेली, सगळं तिला ठाऊक. टोळी शेडमालक जालिंदरशेठची नव्हती, तिची होती. हे शेठ सोडून सगळ्यांना कळत होतं.

टोमॅटो नुसता हातात घेऊन तो दिल्लीपर्यंत टिकेल की आळेफाट्यावरच पाणी सोडेल, हे ती सांगायची. तिच्याकडून शिकून दोन गडी सुपरवायझर झाले आणि मोठ्या कंपन्यांत उडाले. मी, राकेश, तिसरा. अक्कल बेताची, पण मोटरसायकल होती.

यंदा जालिंदरशेठनी आळ्याला दुसरी शेड काढली. तिथली सुपरवायझरकी पुष्पाबाईला हवी होती. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतःसाठी काही मागायला गेली.

"आळं लांब पडंल तुला," शेठ म्हणाले. "घरचं कोण बघंल?"

डिंगोऱ्याहून आळ्याच्या बाजूला सरळ हायवे जातो. पण शेठच्या नकाशात बायांसाठी रस्ते नसावेत. त्यांनी जागा मला दिली. माझं घर कोण बघेल, हे काही विचारलं नाही. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण खुर्ची आवडली होती.

"तुझी टोळी मात्र तिकडं आण," शेठ तिला म्हणाले.

"आणते की," ती म्हणाली.

आळ्याला नारळ फुटला, माल उतरला, नऊ वाजले, तरी बाया नाहीत. पिकअप रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या शेडपुढे उभी होती. आत चौदा जणी निवडीला बसलेल्या, आणि पुष्पाबाई हजेरीचं रजिस्टर घेऊन उभी. त्या व्यापाऱ्यानं तिला सुपरवायझर केलं होतं.

"चला गं," मी म्हणालो.

त्यांच्यातल्या साळुबाईनं मानसुद्धा वर केली नाही. "आमी पुष्पाबरूबर आलोय."

शेठचा फोन आला. तिला म्हणावं, आपल्या शेडची सुपरवायझर हो, राकेशला काढतो. मी निरोप जसाच्या तसा दिला. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नगं," ती म्हणाली. "तुला अजून माल वळखता येत नाय ना?"

"नाय."

"मग बस साळुबाईशेजारी. हजेरी लावते."

मी बसलो.