पोटातल्या जंतूंचा खाऊ

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पावडरीचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे औषध नाही हं, काकू. सशाच्या पोटात चांगले जंतू असतात, हा त्यांचा खाऊ आहे. ते जगले की ससा जगेल."

मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. आजवर जन्म गेला जंतू मारण्यात. पाणी उकळा, फिनेल टाका, हात धुवा. आणि आता त्यांनाच खाऊ घालायचा, तोही सशाच्या तोंडातून? डोकं चालेना. पण मागं पिल्लांची टोपली मांडीवर घेऊन आमचे हे बसले होते, म्हणून वाद न घालता हो म्हटलं.

यांचं सांगायला हवं. भवानी पेठेत ज्या कारखान्यात हे टॉवेल विणायच्या मागावर कामाला होते, तो बंद पडला. मागाच्या खडखडाटानं कान आधीच अधू झालेले, दुसरीकडं कुणी घेतलं नाही. घरात बसले ते गप्पच झाले. जेवा म्हटलं की जेवायचं, झोपा म्हटलं की झोपायचं. मी भांडण काढलं तरी भांडायचे नाहीत. नवरा भांडतसुद्धा नाही म्हणजे कसा जीव जातो, ते माझं मलाच माहीत. शेवटी माझ्या भावानं सशांची जोडी आणून दिली आणि हे सकाळी लवकर उठून गच्चीवर जायला लागले. जिन्यात उभं राहिलं की सशांशी चाललेल्या गप्पा ऐकू यायच्या. माझ्याशी दोन शब्द नाहीत आणि तिथं नुसती बडबड. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू. पण माणूस उठतोय, बोलतोय, म्हणून राहू दे म्हटलं.

मग पिल्लं झाली. आईचं दूध तुटून पाला खायला लागली आणि एकेकाचं पोट फुगून मरायला लागली. तीन उरली. यांनी जेवण टाकलं. ती तीन गेली असती तर हे परत अंथरुणातनं उठलेच नसते, एवढं मला दिसत होतं. म्हणून तो दवाखाना.

दिवसातून एकदाच चिमूटभर, पाल्यावर भुरभुरून द्या, गवत भरपूर घाला, भाकरी बंद करा, असं बाईंनी सांगितलं होतं. यांना त्यातलं काय ऐकू गेलं असणार? मीच करायचं ठरवलं. सकाळी हे आंघोळीला गेले की मी गच्चीवर. यांना सांगितलं नाही. सांगून तरी काय, हूं नाही की चूं नाही.

आधी बरं वाटलं. पिल्लं उड्या मारायला लागली. मग लेंड्या पातळ व्हायला लागल्या, पोटं पुन्हा टम्म. मला काही कळेना. जंतूंना खाऊ कमी पडतोय की जास्त होतोय? चांगले जेवतायत की वाईटच येऊन पंगतीला बसलेत? काय की बाई. विचार करकरून मी चिमूट मोठी केली. पाकीट मात्र बघता बघता निम्मं झालं. उंदीर लागला असेल म्हणून पावडर डब्यात भरून ठेवली, तरी कमीच होत होती. उंदीर डबा उघडतो की काय, इथवर माझी मजल गेली.

आणि एक पिल्लू गेलंच. त्या दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर हे पिंजऱ्यापुढं बसलेले. मांडीशी तो डबा. हातात कडक भाकरीचा तुकडा, पाण्यात भिजवलेला, वर पावडर.

"अहो, हे काय करताय?" कानाशी जाऊन विचारलं.

"जंतूंचा खाऊ," हे म्हणाले. "रोज दुपारी देतोय की. बाई सांगत होत्या ते ऐकलंय मी."

"मी पण देतेय रोज सकाळी."

यांनी तुकडा खाली ठेवला. मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. बाई म्हणाल्या, जादा खाऊ झाला की पोटात वायू धरतो, पावडर थांबवा, भाकरी तर अजिबात नको, नुसतं वाळलं गवत आणि पाणी ठेवा. उरलेली दोन त्यावर पुढं सावरली. पण ते नंतर.

त्या घटकेला हे तिथंच बसून होते. बाईंचं बोलणं मी कानाशी सांगितलं, तसं म्हणाले, "माझ्यामुळं गेलं का गं ते?"

भाकरीनं गेलं, यांच्या चिमटीनं गेलं, माझ्या मोठ्या चिमटीनं गेलं, की ते तसंही जाणारच होतं, मला आजही सांगता येणार नाही. पण यांचा चेहरा बघवेना.

"माझ्यामुळं गेलं," मी म्हटलं.

हे उठलेच. "मग सांगायचं न्हाय का? एका घरात राहतो आपण. मी काय मेलो होतो का? तोंड शिवलं होतं का तुझं?" आवाज चढत गेला. मागचं पुढचं सगळं निघालं. मागं कधी आमटी खारट झाली होती तेही निघालं. शेजारीण जिन्यातून डोकावून गेली. मी पदर तोंडाला लावून रडत होते आणि मनात म्हणत होते, थांबू नका.