साडूभाऊंचा आडोसा

आमचे साडूभाऊ प्रवासात माझे फोटो काढतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. त्या समजापोटी मी पोट आत घेतलं, वाऱ्यात भांग सांभाळला, एकदा तर उसना गॉगलसुद्धा लावला.

ओळखीच्या माणसांना इतका कंटाळलेला आणि अनोळखी माणसांच्या इतका प्रेमात पडलेला प्राणी कामोठ्यातच काय, अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. बायकोमुलांना घेऊन देवदर्शनाला जातील आणि परत येतील ते रसवंतीवाल्याची जांभई, नाहीतर देवळाबाहेर आपली चप्पल शोधणारे कुणी आजोबा फोनात घेऊन. कर्नाळ्याला सगळे दुर्बिणी लावून कसल्याशा दुर्मिळ पक्ष्याकडे बघत होते, तर हे पक्ष्याकडे पाठ करून त्या सगळ्यांचे वासलेले आ टिपत होते. मेहुणी म्हणते, "लग्नाच्या अल्बमनंतर ह्यांनी माझा एक फोटो काढला असेल तर शपथ!" त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "तू कॅमेरा बघितलास की पोझ घेतेस. फोटो काढतायत हे कळलं की माणूस निघून जातो, मागे आधार कार्ड उरतं." काढलेला फोटो मात्र कुणाला दाखवणार नाहीत, आणि पुसणं तर सोडाच. एक वेळ मेहुणीचा वाढदिवस विसरतील, पण त्या जांभईला धक्का लागू देणार नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं उरणला गेलो होतो. मासळीबाजारात ते म्हणाले, "साडूभाऊ, जरा त्या मासळीच्या पाट्यांपाशी उभे राहा. थोडे डावीकडे. अजून. आणि हसू नका." मी भारदस्त झालो. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, "ए दादा, माजा फोटू काडलास ना? दाव इकडं! नाय आवडला तर पुसायचा, काय?"

मासे कापणारी कोळीणबाई कोयता ठेवून उठली होती. साडूभाऊंनी पोटचं पोर द्यावं तसा फोन तिच्यापुढे धरला. मीही डोकावलो. फोटोत ती पापलेट हातात तसंच धरून, शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर डोळे मिटून हसत होती. माझं म्हणाल तर एक कान आणि खांदा. शिकारी झुडपाआड लपतो ना, त्यातलं झुडूप मी होतो.

बाई पदराला हात पुसून बघतच राहिली.

"काय गो, वंगाळ आलाय?" शेजारणीनं विचारलं.

"माजी आय अशीच हसाची," ती म्हणाली. "तिचा एक फोटू नाय आमच्याकडं."

मग जन्मात कुणाला फोटो न दिलेले साडूभाऊ हळूच म्हणाले, "मावशी, नंबर सांगा. पाठवतो."

तिनं नंबर सांगितला. मग एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"पाठव. पन आदी ह्यो कान काप. माज्या आयच्या आडवा ह्यो कोन रेडा आलाय?"