एकशे अकरा अर्ज, एकोणीस खोल्या

शाळेत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. जशा विज्ञानाच्या बाई, जसे चित्रकलेचे सर, तशी ती वेळापत्रकाच्या बाई. शिकवायची ती भूगोल, आणि जीव ओतून शिकवायची. पण भूगोल शिकवणारे पुष्कळ मिळतात. साडेआठशे मुलं आणि तीस शिक्षक आठवडाभर एकमेकांच्या अंगावर न आदळता हलत ठेवणारं माणूस त्या भागातल्या पाचही शाळांत एकच होतं, आणि ते म्हणजे ही.

कार्यालयाला लागून एक अरुंद खोली होती. तिच्या भिंतीवर दाराएवढी फळी, फळीवर ओळीनं ठोकलेले खिळे, आणि खिळ्यांवर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या. एकेक खिळा म्हणजे एका खोलीचा एक तास; एकेका वर्गाचा एकेक रंग, आणि चकतीवर शिकवणाऱ्याचं नाव. चष्मा कपाळावर सारून ती फळीपुढे उभी राही, एक चकती काढी, दुसरीकडे लावी, मान तिरकी करून बघे आणि परत काढी. शाळेचा जुना शिपाई, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणत, तो चहा ठेवून जाताना हमखास विचारी, "काय बाई, आज कुणाची वरात कुठं काढली?"

हे अंगात आलं वडलांकडून. वडील मालगाड्यांच्या यार्डात डबे जोडायचं काम करत. ती त्यांचं जेवण घेऊन जाई आणि पुलाच्या पायऱ्यांवर बसून बघत राही. सहा रूळ आणि चाळीस-चाळीस डबे, तरी कुठं अडलं नाही. वडील घास घेता घेता सांगत, "बाळ, डब्याला रूळ आपला वाटायला लागला की यार्ड बसलंच म्हणून समज." शाळेत लागली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पहिल्याच वर्षी वेळापत्रकाचा घोळ झाला, तिनं तो एका दुपारीत सोडवला, आणि फळी तिच्या गळ्यात पडली ती कायमची.

पण फळीवर तिचा जीव जडला त्याला कारण वेगळं. तिचा नवरा दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायचा. एकदा शिडीवरून पडला आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळला. त्या दिवसांत ती सकाळी धापा टाकत शाळेत येई आणि फळीकडे बघे, तर तिच्या पहिल्या तासाच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी चकती लागलेली असे. कधी मराठीच्या बाईंची, कधी गणिताच्या सरांची. विचारलं तर कुणी ताकास तूर लागू देत नसे. "वाऱ्यानं पडली असेल, लावली कुणीतरी," एवढंच. दोन वर्षं तो वारा वाहिला. नवरा उठला, चालायला लागला, स्वयंपाकघर त्यानं ताब्यात घेतलं. पण बाईंच्या मनावरचं ते ओझं काही उतरलं नाही. तेव्हापासून तिनं ठरवलं, फळीवर आपला वर्ग सगळ्यांत शेवटी. जिन्याखालची खोली कुणालाच नको असायची, ती तिनं आपल्या सातवीला घेतली. त्या वर्गाची चकतीसुद्धा ती लावत नसे. उरतील ते तास आणि जिन्याखालची खोली, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं.

अशी अठरा वर्षं गेली.

मग ओढ्यापलीकडच्या माळावर घरं उठली. दोन वर्षांत चारशे घरं. वर्षअखेरीला मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नव्या प्रवेशाचे एकशे अकरा अर्ज येऊन पडले. वरच्या कार्यालयानं कळवलं, नवी इमारत तीन वर्षांनी. तोवर जागा नसेल तर मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवा. ती शाळा सात किलोमीटरवर, आणि हमरस्त्यावर दिवसभर भरलेले ट्रक धावत.

दर वर्षी शेवटच्या दिवशी शाळा घरोघरी चार पानांचं पत्रक पाठवी. वर्षभरात काय झालं, पुढं काय व्हायचंय, सगळं त्यात. मोठ्या बाईंनी सोमवारी मसुदा वाचायला दिला. मुली धावण्यात पहिल्या आल्या, छपराची गळती एकदाची थांबली, ग्रंथालयाला दोनशे पुस्तकं मिळाली, माळीकाका निवृत्त झाले. आणि शेवटच्या पानावर तळाला एक ओळ: जागेअभावी नवे प्रवेश बंद.

"ही ओळ थांबवा जरा," वेळापत्रकाच्या बाई म्हणाल्या.

"थांबवा म्हणजे? शुक्रवारी छापायला द्यायचंय. एकोणीस खोल्या आहेत, त्या काय ताणून मोठ्या होणारेत?"

"मला गुरुवारपर्यंत द्या."

त्या बाहेर आल्या तर दारात एक गवंडी उभा होता. हाताला सिमेंट, शेजारी सहा वर्षांची मुलगी, तिच्या दोन्ही वेण्या वेगवेगळ्या उंचीवर. "बाई, अर्जाचं काही कळलं का?" त्यानं विचारलं. "ती सगळी घरं आम्हीच बांधली. आता त्यातल्याच एकात राहतोय. पण हिला हमरस्ता ओलांडायला लावायचा म्हटलं की माझा हात थापीवर ठरत नाही." बाई मुलीकडे वाकल्या. मुलगीच म्हणाली, "मला शंभरपर्यंत येतं. त्याच्या पुढचं इथं शिकणार."

त्या दिवसापासून बाई वही घेऊन शाळाभर फिरायला लागल्या. प्रत्येक तासाला प्रत्येक दारात डोकावायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांना जे दिसलं ते इतकी वर्षं डोळ्यांपुढे होतं. कुठलाही तास घ्या, एक वर्ग मैदानावर असतो आणि एक प्रयोगशाळेत. त्यांच्या खोल्या तेवढा वेळ रिकाम्या, कुलूप लावून. खोली वर्गाची नाही, तासाची धरली, तर दोन वर्ग जास्तीचे सहज बसतात. आणि जिन्याखालची खोली धरली तर तिसराही. एकशे अकरा मुलं म्हणजे तीनच तर वर्ग!

गुरुवारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हे सांगितलं, आणि मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड बसला.

"म्हणजे मी नकाशे, तक्ते डोक्यावर घेऊन हिंडू?" मराठीच्या बाई म्हणाल्या.

गणिताचे सर तर उठूनच उभे राहिले. "बावीस वर्षं त्या खोलीत शिकवतोय. तिथला फळा माझं अक्षर ओळखतो. आता रोज नवी खोली? मी काय पाहुणा आहे?"

"सर, मुलं सात किलोमीटर जायची आहेत. तुम्ही सात पावलं जा."

सर खाली बसले. "तुमच्याशी बोलून कोण जिंकलंय," असं पुटपुटले आणि चहा फुंकत राहिले. त्यातच होकार आला.

मोठ्या बाईंनी फळी स्वतः तपासली, प्रत्येक तासाला बोट लावून. एकाही खिळ्यावर दोन चकत्या नव्हत्या. त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं: सर्व अर्ज स्वीकारले आहेत. शुक्रवारी छपाई झाली. शनिवारी सकाळी हजार पत्रकं मुलांच्या दप्तरांतून घरोघरी गेली, आणि मामांबरोबर माळावरच्या नव्या घरांतही.

दुपारी मुलं गेली आणि वर्ग रिकामे झाले. गणिताचे सर नवं वेळापत्रक हातात घेऊन अरुंद खोलीत आले.

"बाई, एक शंका. तुमच्या सातवीला माझी भूमिती आहे, बुधवारी तिसऱ्या तासाला."

"हो, आहे."

"कुठं शिकवू? तुमच्या डोक्यात?"

बाईंनी फळीकडे बघितलं. सातवीचा रंग तिथं नव्हता. कधीच नव्हता. जिन्याखालची खोली त्यांनी स्वतःच्या हातानं नव्या मुलांना दिली होती, आणि आपला वर्ग मोजायलाच विसरल्या होत्या. वर्ग बावीस होते, फळीवर एकवीस. दोन तास त्यांनी चकत्या फिरवल्या. एक वर्ग बसवला की दुसरा बाहेर पडे. शेवटी त्या खुर्चीवर टेकल्या. पत्रक घराघरांत पोचलं होतं. गवंड्याच्या घरीही.

"मोठ्या बाईंना सांगते," त्या म्हणाल्या. "एका वर्गाचे अर्ज परत करावे लागतील. सदतीस घरांत मीच जाईन, माझ्याच तोंडानं सांगेन. आणि ही फळी दुसऱ्या कुणाला द्या."

सरांनी वेळापत्रकाची घडी केली. बाहेर गेले. बाईंना वाटलं, घरी गेले असतील. त्यांचा राग अजून निवला नसेल. त्या मोठ्या बाईंकडे जायला उठल्या, आणि पॅसेजमध्ये काहीतरी जड घसटत नेल्याचा आवाज आला.

बघतात तर शिक्षकांच्या खोलीचं दार सताड उघडं. मराठीच्या बाई वह्यांचे गठ्ठे कवेत घेऊन ग्रंथालयाकडे निघालेल्या. मामा खुर्च्या एकावर एक रचत होते. लांब टेबल भिंतीला लागलं होतं. मोठ्या बाई बाह्या सारून मधोमध उभ्या होत्या आणि पावलांनी खोली मोजत होत्या.

"पंचेचाळीस मुलं बसतील," त्या म्हणाल्या. "दाटीनं, पण बसतील. फळा सोमवारी लावून घेऊ."

"अहो, पण तुम्ही सगळे बसणार कुठं?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"ग्रंथालयात बसू. तिथं बोलायची बंदी आहे," मराठीच्या बाई जाता जाता म्हणाल्या. "सरांची बडबड तरी थांबेल."

"माझ्यामुळे..." बाईंनी सुरुवात केली. अठरा वर्षं साठवलेलं बरंच काही एकदम ओठांशी आलं. नवऱ्याचं आजारपण, त्या सकाळी, दुसऱ्यांच्या नावांच्या त्या चकत्या. सगळं सांगावं आणि प्रत्येकाचे हात धरावेत असं वाटलं. पण गणिताचे सर लोखंडी कपाटाच्या एका कडेला वाकले होते, त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कपाट जागचं हलत नव्हतं.

"बाई, ते भाषण नंतर," ते म्हणाले. "आधी हे टोक धरा. आणि जरा जोर लावा, यात बावीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आहेत."

बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि टोक धरलं.