मिस अर्लीन आणि बुडालेली झाबेत

अर्लीन फाल्गू हिनं सत्तावीस वर्षं शाळेच्या खानावळीत पोरांना जेवण वाढलं आणि त्याच काळात एकतीस प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही कामांची तिची पद्धत एकच होती. ताटात सगळं पडलं पाहिजे, कुणी उपाशी उठता कामा नये आणि घंटा व्हायच्या आत आटपलं पाहिजे. प्रत्येक कादंबरीत एक मोठं घर, एक तापट देखणा मालक, एक गरीब पण ताठ मानेची मुलगी आणि एक भूत असे. भूत शेवटी त्या दोघांचं जमवून देई आणि मग मुकाट निघून जाई. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, एवढं कामसू भूत असेल तर आपल्याकडेच ठेवून घे, अंगणातलं गवत तरी कापेल.

आमच्या लुइझियानात नदीच्या काठानं उसाच्या मळ्यांची जुनी मोठी घरं ओळीनं उभी आहेत, आणि ज्या घराला भूत नाही त्या घराला गिऱ्हाईक नाही. मिस अर्लीननं (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिस म्हणतात) ती सगळी घरं पालथी घातली होती. बाकीचे लोक भुतासाठी मुक्कामाला जातात. ती सकाळी दहाला जायची आणि चारला परत फिरायची, कारण मोतीबिंदूमुळे तिला अंधारात गाडी चालवता येत नसे.

"आणि जे भूत फक्त रात्रपाळी करतं," ती म्हणायची, "त्याच्या कामावर माझा भरवसा नाही."

बरोबर बसायला उशी, चिकोरीच्या कॉफीचा थर्मास आणि शिंप्याची टेप. भूत तिला एकदाही दिसलं नाही आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. ती मापं घेत बसायची. नायक घोड्यावरून उतरून जिना चढेपर्यंत नायिकेला केस सारखे करायला वेळ मिळतो का? बेशुद्ध पडायचं झालं तर ती कुठं पडेल? टेबलाचा कोपरा डोक्यात बसणार नाही ना?

मी ओराली. सेंत-ओडील नावाच्या घरात अठरा वर्षं लोकांना घर दाखवायचं काम केलं, सोमवार सोडून रोज चार फेऱ्या. मालकीणबाईंनी शिवून दिलेला लांब झगा आणि पांढरा एप्रन घालून मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहायची आणि सांगायची: साल अठराशे एकोणसाठ. या घरात झाबेत नावाची एकोणीस वर्षांची गुलाम मुलगी होती, बाळांना सांभाळणारी. मालकाचा धाकटा मुलगा ओक्ताव्ह तिच्या प्रेमात पडला. हे बघा त्याचं चित्र. घरच्यांनी त्याचं लग्न न्यू ऑर्लीन्सच्या एका मुलीशी लावलं, आणि त्याच दिवशी झाबेतनं नदीत उडी घेतली. अजूनही तिची ओली पावलं या पायऱ्यांवर उमटतात.

पावलं उमटायची हे खरं. जिन्यावरचं छत गळत होतं आणि ते दुरुस्त करायचं नाही, अशी मिस कमीलची सक्त ताकीद होती. मिस कमील देलोमेर म्हणजे मालकीणबाई, ओक्ताव्हची खापरपणती.

झाबेत माझी खापरपणजी. ती बुडाली नाही. गुलामगिरी संपल्यावर तिनं लेऑन नावाच्या बैल हाकणाऱ्या माणसाशी लग्न केलं, अकरा मुलं वाढवली आणि एक्याण्णवाव्या वर्षी, मक्याच्या कण्यांचा दुसरा वाडगा मागून घेऊन, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. माझ्या आजीनं तिचे केस विंचरले होते. हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिस कमीलला सांगितलं. ती अगदी गोड हसली.

"ओराली, राणी, कुठं लिहिलेलं आहे का ते?"

कुठंच नव्हतं. थडगं होतं, पण त्याचंही एक आहे. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, आम्ही आमच्या माणसांची थडगी धुऊन त्यांना चुना लावतो. झाबेतच्या थडग्याला ऐंशीहून जास्त वर्षं नेमानं चुना लागला होता. एकावर एक थर चढून अक्षरं बुजून गेली. ज्यांच्या घरच्यांनी आळस केला त्यांची नावं अजून स्वच्छ वाचता येतात. आमच्या झाबेतवर आमचा इतका जीव, की तिचं नाव आम्हीच पुसून बसलो.

मग मी गप्प राहिले. पोट आहे, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आणि गोळ्यांचे पैसे देणारा विमा त्या नोकरीतून होता. दिवसातून चार वेळा मी माझ्या खापरपणजीला नदीत ढकलत होते. लाज वाटायची, आणि लाजेचीही सवय होते. एवढीच आशा होती की तोंडचं खोटं आहे, माझं तोंड मिटलं की तेही मिटेल.

तेवढ्यात मिस कमीलनं मिस अर्लीनला बोलावून घेतलं. झाबेत आणि ओक्ताव्हची प्रेमकहाणी लिहा, वसंतात पाहुणे येतात तेव्हा घराच्याच दुकानात मांडू. मिस अर्लीनची शेवटची तीन पुस्तकं कुणी छापायला घेतली नव्हती. ती लगेच हो म्हणाली. छापलेलं खोटं मरत नाही, ते नातवंडांच्या हातात जातं.

ती सप्टेंबरात आली, उशी आणि थर्मास घेऊन. चार वेळा आली. पाहुणचार म्हणून मी नाक मुरडलं नाही, पण कॉफीही विचारली नाही. पाचव्या वेळी तिला झाबेतची खोली बघायची होती. बाळांच्या खोलीमागची ती लहानशी खोली आम्ही कुणाला दाखवत नसू, तिथं खुर्च्या रचून ठेवलेल्या असत. मी खुर्च्या बाजूला केल्या. तिनं टेप काढली, पलंगाची जागा मोजली, खिडकी मोजली, मग दाराशी जाऊन खाली बसली.

"मिस ओराली, कडी कुठाय?"

"कसली कडी?"

"आतली. तिसऱ्या प्रकरणात मुलीनं त्याच्या तोंडावर दार लावलंच पाहिजे. माझ्या सगळ्या मुली लावतात. नाही लावलं तर पुढं उघडण्यात काय मजा? आत कडीची खूणसुद्धा नाही." तिनं दार बाहेर ढकललं आणि चौकटीवरून बोट फिरवलं. "भोकं आहेत. पण ही बाहेरून आहेत."

"हो."

"म्हणजे ती आत असताना दार कोण लावायचं?"

अठरा वर्षांत हजारो माणसं त्या घरातून गेली. झाबेतचा झगा कुठल्या रंगाचा होता, हे विचारणारे भेटले. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला एकदम रडू आलं आणि त्याचा रागही आला.

"ओक्ताव्ह लावायचा," मी म्हटलं. "कधी कधी तो आत असताना त्याची आई लावायची, आपलं पोरगं रात्रीचं बाहेर भटकू नये म्हणून. ती बुडाली नाही, मिस अर्लीन. ती माझी खापरपणजी. आणि ते प्रेमबिम काही नव्हतं. तो हाक मारायचा आणि तिला नाही म्हणायची सोय नव्हती. लिहा आता काय लिहायचं ते."

ती तशीच फरशीवर बसून राहिली. गुडघे दुखत होते म्हणून असेल, किंवा नसेल. म्हणाली, "एकतीस घरांत मी मापं घेतली. सगळी पुढच्या खोल्यांची. माझ्या नायिका पुढच्या खोलीतच झोपतात." मग तिनं टेप गुंडाळली. मी तिला हात देऊन उठवलं.

एक नोव्हेंबरला ती आमच्या कब्रस्तानात हजर. उसाच्या शेतामागं जाणारी ती कच्ची वाट आमच्या लोकांशिवाय कुणी वापरत नाही. आमच्यात ती एकटीच गोरी, डोक्यावर खानावळीतली जाळीची टोपी, हातात स्वतःचा ब्रश. माझा थोरला भाऊ आल्सीद चुन्याची बादली ढवळत होता. त्यानं तिला खालून वरपर्यंत बघितलं.

"भुतं बघायला आलात? आमची माणसं मेली की मरतात. परत येत नाहीत, आम्हाला कंटाळलेली असतात."

"चुना लावायला आले. ओराली मला बोलावणार नव्हत्या, म्हणून आपणहून आले."

मी तिला झाबेतचं थडगं दाखवलं. तिनं वाकून दगडावर तळवा फिरवला, मग पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि जिथं नाव असावं तिथं खरवडायला लागली. आल्सीद बादली टाकून धावला.

"ओ बाई! ओ! आमच्याकडे चुना लावतात, काढत नाहीत! तुमच्या आजीचं तोंड असं कानशीनं घासता का तुम्ही?"

"नाव सापडलं तर पुरावा होईल."

"कुणाला हवाय पुरावा? आम्हाला माहीत आहे ना ती कोण आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मिस अर्लीन ओशाळली. कानस पर्समध्ये गेली, ब्रश बाहेर आला. आम्ही तिघांनी मिळून दगड रंगवला. ती कडेनं नीट हात फिरवत होती, आल्सीद मध्येच म्हणाला, "मिस अर्लीन, थडगं आहे ते, केक नव्हे," आणि ती पहिल्यांदा हसली. दुपारी पेकानच्या झाडाखाली बसून आम्ही भेंडी-कोळंबीचं दाट गंबो खाल्लं. वाटी पुसून झाल्यावर ती मला म्हणाली, "तुमचा भाऊ बरोबर बोलला. ती बुडाली याचा तरी पुरावा कुणी कधी मागितला होता?"

ते पुस्तक तिनं लिहिलं नाही. मिस कमीलला तसं तोंडावर सांगून आली. मिस कमील म्हणाली, हरकत नाही, लिहिणाऱ्या पुष्कळ पडल्या आहेत, आणि गोष्ट तर ओराली रोज सांगतेच आहे. हे मिस अर्लीननं मला माझ्या ओसरीवर बसून जसंच्या तसं ऐकवलं.

"मी एक पुस्तक थांबवलं, मिस ओराली. तुम्ही रोज चार सांगता."

मी भडकले. "तुम्हाला नाकानं कांदे सोलायला काय जातंय? तुमचं एक पुस्तक नाही लिहिलं तरी तुमच्या घरी संध्याकाळची चूल पेटते. माझ्या गोळ्या कोण देणार, तुमचं भूत?"

ती उठली. कप धुऊन पालथा घातला आणि गेली.

शनिवारी अकराच्या फेरीला बावीस माणसं होती आणि तेविसावी मिस अर्लीन, रांगेत उभी राहून तिकीट काढलेली. मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत तमाशा करणार. तिनं काही केलं नाही. सगळ्यांबरोबर झुंबर बघितलं, चांदीचे चमचे बघितले. जिन्याशी आलो. मी साल सांगितलं, नाव सांगितलं, ओक्ताव्हचं चित्र दाखवलं. गोष्ट नदीपर्यंत पोचली तेव्हा तिनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"मिस ओराली, ती गेली तेव्हा किती वर्षांची होती?"

एवढंच. एकोणीस म्हटलं असतं तरी तिनं हात खाली घेतला असता, मला खात्री आहे. तिच्या चेहऱ्यावर ना विनंती होती ना हुकूम. पोरगं ताट घेऊन पुढं येतं तेव्हा, तुला काय वाढू, असं विचारतात, तसा तो चेहरा होता. मला आल्सीद आठवला, गोळ्यांची डबीही आठवली.

"एक्याण्णव," मी म्हटलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. टेक्सासच्या एका बाईनं हातातला माहितीचा कागद चाळला. "इथं तर ती बुडाली असं लिहिलंय."

"कागदावर बुडाली. खरी झाबेत खुर्चीत बसून गेली, जेवण झाल्यावर."

"मग या घरात कोण हिंडतं?"

"मी हिंडते, बाई. अठरा वर्षं."

दोघंतिघं हसले. मिस अर्लीन हसली नाही. दुकानाच्या बाजूनं मिस कमील दारात येऊन उभी राहिली होती, हातात मेणबत्त्यांचं खोकं. आता थांबले असते तर नोकरीही गेली असती आणि गोष्टही अर्धीच राहिली असती. म्हणून मी थांबले नाही. मी त्यांना त्या लहान खोलीशी नेलं, दाराच्या चौकटीवरची भोकं दाखवली, कुठल्या बाजूनं आहेत तेही दाखवलं. लेऑनबद्दल सांगितलं, त्याच्या बैलांबद्दल सांगितलं. मिस कमील मागून आली होती.

"तिला अकरा मुलं झाली," मी म्हटलं. "दहा लेऑनची. पहिला मुलगा त्याच्या आधीचा, याच खोलीतला. त्याला लेऑननं आपलं नाव दिलं, आणि झाबेत जेवण वाढताना पहिलं ताट त्याला द्यायची, कारण त्याचा काही दोष नव्हता. तो माझ्या आजीचा बाप."

मग मी दाराकडे हात केला, जसा पाहुण्यांना चित्र दाखवताना करते.

"आणि या मिस कमील देलोमेर. घराच्या मालकीणबाई. ओक्ताव्ह त्यांचा खापरपणजोबा आणि माझाही. आम्ही बहिणी लागतो."